विमान शेतात कोसळलं तर पैसे कोण देणार? विमान विम्यातल्या न दिसणाऱ्या फटी

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत २५ जुलै २०२२ रोजी सकाळी एक छोटं विमान शेतात कोसळलं. बारामतीच्या कार्व्हर एव्हिएशन या प्रशिक्षण संस्थेचं ते दोन आसनी सेसना १५२ विमान होतं. आत एकटी प्रशिक्षणार्थी वैमानिक होती. इंजिनाची ताकद कमी पडल्यामुळे विमान शेतात उतरवावं लागलं, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) तेव्हा सांगितलं. तरुणी जखमी झाली, पण बचावली.

या भागातली ही पहिली घटना नव्हती आणि शेवटचीही ठरली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदापूर तालुक्यातल्याच रुई गावाजवळ प्रशिक्षणाचं विमान कोसळलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती तालुक्यात चार दिवसांत दोन अपघात झाले. १९ तारखेला कटफळजवळ आणि २२ तारखेला गोजुबावीजवळ. ही दोन्ही विमानं रेडबर्ड फ्लाइट ट्रेनिंग अकॅडमीची होती.

अशी बातमी आली की विमानाचे फोटो आणि व्हिडिओ तासाभरात सगळीकडे फिरतात. पैशांचा प्रश्न मात्र मागे राहतो. विमानाची भरपाई कोणाला मिळते? जखमी विद्यार्थ्याच्या उपचारांचा खर्च कोण करतं? ज्याच्या शेतात विमान पडलं त्याचं काय?

"विमानाचा विमा असेलच की," हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. विमा बहुतेक वेळा असतोही. पण विमा असणं आणि त्या अपघाताला, त्या माणसासाठी, तो लागू होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातलं अंतर पॉलिसीच्या आतल्या पानांवर असतं. (वर सांगितलेल्या घटनांमधल्या पॉलिसींविषयी हा लेख नाही. अशा प्रसंगी पॉलिसीत काय तपासावं, हा इथला विषय आहे.)

एक पॉलिसी, तीन वेगळे विमे

भारतात विमानांचा विमा न्यू इंडिया ॲश्युरन्ससारख्या सरकारी आणि काही खासगी कंपन्या उतरवतात. त्यातल्या जोखमीचा मोठा भाग पुनर्विम्याच्या मार्गाने परदेशी बाजारात जातो. त्यामुळे इथल्या पॉलिसींची भाषाही बरीचशी लंडनच्या विमा बाजारात ठरलेल्या नमुन्यांवर बेतलेली असते. तिथल्या सर्वांत प्रचलित नमुन्याचं नाव एव्हीएन १सी. त्याचे तीन भाग असतात.

• पहिला भाग: खुद्द विमानाचं नुकसान. याला 'हल' विमा म्हणतात.
• दुसरा भाग: तिऱ्हाइतांबद्दलची जबाबदारी. विमानामुळे जमिनीवरच्या माणसांना झालेली इजा किंवा मालमत्तेचं नुकसान यात येतं.
• तिसरा भाग: प्रवाशांबद्दलची जबाबदारी.

आता कडबनवाडीसारखा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. विमान पहिल्या भागात बसतं. शेतकरी दुसऱ्या भागात बसतो. एकटीने विमान चालवणारी विद्यार्थिनी कुठे बसते? ती प्रवासी नाही, कारण ती स्वतःच वैमानिक आहे. ती तिऱ्हाईतही नाही, कारण दुसऱ्या भागातून विमान चालवणारे आणि त्यावर काम करणारे कर्मचारी स्पष्टपणे वगळलेले असतात.

म्हणजे तिन्ही भाग घेतलेली, हप्ता वेळेवर भरलेली पॉलिसी असूनही विमानात बसलेल्या एकमेव व्यक्तीसाठी तिच्यात काहीच नाही, असं होऊ शकतं. विद्यार्थ्यांसाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा घेतला असेल तरच ही फट बुजते.

चूक चालते, अट मोडलेली चालत नाही

वैमानिकाची चूक निघाली की विमा कंपनी पैसे देत नाही, असा सर्रास समज आहे. तो बरोबर नाही. माणसं चुकतात म्हणून तर विमा असतो. नवख्या विद्यार्थ्याने विमान जोरात टेकवलं, चाक मोडलं, पंखा वाकला, तर हे नुकसान साधारणपणे विम्यात येतं.

दावा अडतो तो अटींवर. नेहमीच्या अटी अशा:

वैमानिक कोण? पॉलिसीत वैमानिकांची नावं तरी असतात किंवा पात्रता तरी. उदाहरणार्थ, ठरावीक तासांचा अनुभव, वैध परवाना, वैध वैद्यकीय प्रमाणपत्र. विद्यार्थ्याचा परवाना किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र काल संपलं आणि अपघात आज झाला, तर उड्डाण कितीही कौशल्याने केलेलं असो, दावा अडचणीत येतो.

वापर कशासाठी? पॉलिसीत 'प्रशिक्षण' लिहिलं असेल, तर त्या विमानातून पाहुण्यांना फेरी मारून आणणं, हवाई छायाचित्रण करणं किंवा भाड्याने देणं त्यात बसत नाही. उलट, 'खासगी वापर' लिहिलेल्या विमानावर कोणी शिकवायला लागलं तरी तेच.

कुठे उतरलं? विमानाच्या उत्पादकाने सांगितलेल्या निकषांत न बसणाऱ्या जागी उतरणं किंवा तिथून उडणं वगळलेलं असतं. मात्र नाइलाजाने, संकटात उतरावं लागलं तर तो अपवाद धरला जातो. इंजिनाने दगा दिल्यावर इंदापूरच्या माळावर उतरलेलं विमान या सवलतीत बसतं. सरावासाठी किंवा हौसेखातर शेतातल्या पट्टीवर उतरवलेलं विमान बसत नाही.

विमान उडण्याच्या लायकीचं होतं का? प्रत्येक उड्डाणाच्या सुरुवातीला विमान उड्डाणयोग्य असलं पाहिजे, त्याच्या नोंदवह्या अद्ययावत असल्या पाहिजेत आणि हवाई वाहतुकीचे नियम पाळलेले असले पाहिजेत, अशी अट असते. ही नुसती सूचना नसते. दावा मिळण्याची ती पूर्वअट असते. शंभर तासांनंतरची तपासणी झाली, पण वहीत सही राहिली, एवढी बाबही सर्व्हेअरच्या अहवालात ठळक होऊ शकते.

प्रशिक्षण संस्थेत या अटी रोज कसोटीला लागतात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातले १०० तास विद्यार्थ्याने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवावे लागतात. एकाच विमानावर दिवसभरात वेगवेगळ्या अनुभवाचे विद्यार्थी बसतात. पॉलिसी मात्र वर्षातून एकदाच लिहिलेली असते. नवा प्रशिक्षक आला, नवं विमान आलं किंवा तळ बदलला, तर तो बदल कंपनीला कळवून पॉलिसीला एन्डोर्समेंट जोडून घ्यावी लागते. कळवायचं राहून गेलं, की फट पडते.

इंजिन बंद पडलं: काय मिळतं, काय नाही?

सेसना १५२ विमानांचं उत्पादन १९८५ मध्ये थांबलं. म्हणजे आज उडणारं या जातीचं प्रत्येक विमान चाळिशीच्या आसपास आहे. जुनं विमान म्हणजे वाईट विमान असं नाही. देखभाल नीट असेल तर ते सुरक्षित उडतं. विम्याच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

पहिली गोष्ट झिजेची. झीज, गंज किंवा यांत्रिक बिघाड यामुळे एखाद्या भागाचं झालेलं नुकसान हल विमा देत नाही. हा खर्च देखभालीचा मानला जातो. पण त्या बिघाडामुळे विमान कोसळलं आणि पंख, चाकं, शेपूट मोडली, तर ते नुकसान विम्यात येतं. म्हणजे इंजिनाच्या आत काहीतरी तुटून विमान शेतात आलं, तर वाकलेले पंख विम्यात आणि मुळात बिघडलेलं इंजिन विम्याबाहेर, अशी वाटणी होऊ शकते. या वाटणीवरच बरेच वाद होतात.

दुसरी गोष्ट किमतीची. गाडीच्या विम्यात 'आयडीव्ही' असते, तशी विमानाच्या विम्यात 'ठरलेली किंमत' असते. हप्ता वाचवायला ती कमी लिहिली, तर विमान पूर्ण मोडल्यावर तेवढीच रक्कम हातात येते आणि तेवढ्यात दुसरं विमान येत नाही. जास्त लिहिली तरी तोटा आहेच, कारण पूर्ण मोडल्यात न काढता कंपनी दुरुस्तीचा आग्रह धरू शकते. जुन्या विमानाचे सुटे भाग मिळायला वेळ लागतो आणि तोवर विमान हँगरमध्ये पडून राहतं. या काळात बुडालेली कमाई आणि विद्यार्थ्यांचे बुडालेले तास हल विम्यात येत नाहीत.

याशिवाय डिडक्टिबल असतं. म्हणजे प्रत्येक नुकसानीत स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा. प्रशिक्षणाच्या विमानांना छोटे धक्के वारंवार बसतात. डिडक्टिबल मोठं असेल, तर वर्षभरातल्या किरकोळ अपघातांचा सगळा खर्च संस्थेवरच पडतो. संस्था तो प्रवेशाच्या वेळी सही घेतलेल्या करारातून विद्यार्थ्याकडे ढकलू शकते.

विद्यार्थ्याच्या घरच्यांनी काय बघावं?

वैमानिक होण्यासाठी कुटुंबं लाखो रुपये भरतात. काही जण कर्ज काढतात, काही जण जमीन विकतात. फी किती, तास किती, विमानं किती याची चौकशी होते. विम्याची कागदं मात्र फार थोडे जण मागतात.

घरात आधीच असलेल्या विम्यावर विसंबणं धोक्याचं आहे. वैयक्तिक अपघात विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये एक ओळ असते: मान्यताप्राप्त विमानसेवेचा प्रवासी म्हणून केलेला प्रवास सोडला, तर हवाई उड्डाणात भाग घेताना झालेला अपघात यात येणार नाही. आयुर्विम्याला जोडलेल्या अपघाती लाभाच्या रायडरमध्येही बहुधा अशाच अर्थाचा अपवाद असतो. घरच्यांनी मुलाच्या नावावर दहा वर्षं हप्ते भरलेले असतात, पण मुलगा विमान चालवायला शिकू लागला त्या दिवसापासून पॉलिसीचा अपघाताचा भाग त्याच्यासाठी निरुपयोगी झालेला असू शकतो. मूळ आयुर्विमा घेताना आपण उड्डाणाचं प्रशिक्षण घेतो हे लपवलं असेल, तर तोही दावा वादात सापडतो.

म्हणून संस्थेला थेट विचारावं: विद्यार्थ्यांसाठी गट अपघात विमा आहे का? रक्कम किती? एकट्याने केलेलं उड्डाण त्यात आहे का? रात्रीचं उड्डाण? विमान जमिनीवर धावत असताना झालेला अपघात? मृत्यू आणि अपंगत्व सोडून रुग्णालयाचा खर्चही मिळतो का?

आणखी एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. विमा कंपनीने संस्थेला विमानाची भरपाई दिली, की ज्याच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं त्याच्याकडून ती वसूल करण्याचा संस्थेचा हक्क कंपनीकडे जातो. याला सब्रोगेशन म्हणतात. तो 'ज्याच्यामुळे' म्हणजे विद्यार्थी वैमानिक असेल तर? हे टाळायला पॉलिसीत वैमानिकालाही संरक्षण देणारं कलम घालून घेता येतं. लंडनच्या नमुन्यांत त्यासाठी तयार मजकूर आहे. ते कलम नसेल, तर विमा संस्थेला वाचवतो आणि विद्यार्थ्याला उघडा ठेवतो.

वैमानिकाकडे बोट जातं तेव्हा काय होतं, याचं एक उदाहरण मध्य प्रदेशात आहे. ६ मे २०२१ रोजी राज्य सरकारचं किंग एअर विमान रेमडेसिव्हिर इंजेक्शनं घेऊन ग्वाल्हेरला उतरताना धावपट्टीवरच्या अडथळ्याला धडकलं. वैमानिक बचावले, विमान निकामी झालं. पुढे सरकारने वैमानिकाला ८५ कोटी रुपयांची नोटीस दिली. त्यात ६० कोटी विमानाचे होते आणि २५ कोटी दुसरी विमानं भाड्याने घेण्याच्या खर्चाचे. मुळात या विमानाचा विमाच उतरवलेला नव्हता, हे तेव्हा उघड झालं. विम्याशिवाय विमान उडूच कसं दिलं, असा उलट सवाल वैमानिकाने केला. विमा नसला की नुकसान नाहीसं होत नाही. ते कोणाच्या तरी अंगावर टाकलं जातं, आणि अनेकदा ते सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर पडतं.

ज्याच्या शेतात विमान पडलं त्याचं काय?

रस्त्यावर गाडीने धडक दिली, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जखमी व्यक्तीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं आणि गाडीच्या विमा कंपनीलाही पक्षकार करता येतं. विमान त्या कायद्यात येत नाही. शेतकऱ्याचा दावा विमानाच्या मालकावर किंवा ते चालवणाऱ्या संस्थेवर असतो. संस्थेची पॉलिसी संस्थेची ती जबाबदारी उचलते. शेतकरी आणि विमा कंपनी यांच्यात थेट करार नसतो.

इथे दोन फटी दिसतात. पहिली म्हणजे दुसऱ्या भागातली रकमेची मर्यादा. माळावर पडलेल्या विमानासाठी छोटी मर्यादा पुरते. पण तेच विमान वस्तीवर, कारखान्यावर किंवा आठवडे बाजारावर पडलं तर? बारामतीच्या धावपट्टीच्या आजूबाजूला आता औद्योगिक वसाहत आणि वाढती वस्ती आहे. मर्यादा ठरवताना पुढची शक्यता धरायला हवी.

दुसरी फट जास्त बारीक आहे. पॉलिसी 'विमानामुळे किंवा विमानातून पडलेल्या वस्तूमुळे' झालेल्या नुकसानीची जबाबदारी घेते. पण अशा अपघातात पिकाची खरी नासाडी नंतर होते. बघायला आलेली गर्दी मका तुडवते. विमान उचलायला आलेली क्रेन आणि ट्रक ठिबकच्या नळ्या तोडतात, बांध फोडतात. हे नुकसान 'विमानामुळे' झालं का? शेतकरी हो म्हणेल, कंपनी नाही म्हणू शकते. संस्थेने पॉलिसी घेतानाच विमान हलवण्याचा खर्च आणि त्यातून होणारं नुकसान यावर स्पष्ट मजकूर मागून घेतला, तर वाद टळतो. सांडलेल्या इंधनाने माती किंवा विहीर खराब झाली तर? प्रदूषण एरवी वगळलेलं असतं, पण ते अपघातातून, आगीतून किंवा नोंदलेल्या संकटातून झालं असेल तर सामान्यतः विम्यात येतं.

शेतकऱ्याच्या स्वतःच्या विम्याचं काय? पंतप्रधान पीक विमा योजना नैसर्गिक आपत्तींसाठी आहे. दुष्काळ, पूर, गारपीट यांच्या यादीत विमान नाही. घराचं मात्र उलट आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांकडे मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' या घराच्या विम्यात बाहेरची वस्तू आदळून झालेलं नुकसान येतं, आणि तिथे विमानाचा उल्लेख आहे. घरावर पडलं तर विमा आहे, उसावर पडलं तर नाही, अशी ही स्थिती.

असा प्रसंग आलाच, तर शेतकऱ्याने काही गोष्टी लगेच कराव्यात. विमानाला हात लावू नये. तपास यंत्रणेच्या परवानगीशिवाय अवशेष हलवायला नियमाने मनाई आहे. गर्दी आणि क्रेन येण्याआधीचे आणि नंतरचे वेगवेगळे फोटो काढावेत. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे तलाठी) आणि कृषी विभागाकडून पंचनामा करून घ्यावा. त्यात पीक, क्षेत्र, ठिबक, पाइपलाइन अशी प्रत्येक बाब वेगळी लिहून घ्यावी. मग संस्थेला लेखी मागणी देऊन पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर विमा कंपनी काम करत नाही.

विमान उभं असतानाही फट असते

ऑक्टोबर २०२३ च्या अपघातांनंतर डीजीसीएने रेडबर्डच्या सर्व तळांवरचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं होतं. कोणत्याही संस्थेवर अशी वेळ येऊ शकते. विमानं उडत नसतील तर हप्ता वाचवायला 'फक्त जमिनीवरची जोखीम' असा कमी विमा घेता येतो. तो घेणं शहाणपणाचं आहे. पण मग बंदी उठल्यावर पहिल्या उड्डाणाआधी, किंवा दुरुस्तीसाठी विमान दुसऱ्या गावी उडवून नेण्याआधी, उड्डाणाचा विमा पुन्हा सुरू करावा लागतो. ते विसरलं, की ते एक उड्डाण विम्याशिवाय होतं.

हप्त्याचंही तसंच. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे पैसे आधी पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. हप्त्यांत प्रीमियम भरायची मुभा असेल, तर एक हप्ता चुकल्यावर काय होतं ते कलम वाचायलाच हवं.

हँगरमधल्या विमानाला कोणी मुद्दाम नुकसान पोहोचवलं, दंगलीत जाळलं, घातपात केला, तर? 'ऑल रिस्क' या नावाच्या पॉलिसीतही हे येत नाही. युद्ध, संप, दंगल, घातपात, अपहरण आणि द्वेषातून केलेली मोडतोड एका ठरावीक कलमाने बाहेर काढलेली असते आणि त्यासाठी वेगळं 'वॉर रिस्क' संरक्षण घ्यावं लागतं.

हा फरक किती महाग पडू शकतो, हे जगाने अलीकडेच पाहिलं. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर परदेशी कंपन्यांची शेकडो भाड्याची विमानं रशियात अडकली. विमानं भाड्याने देणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी एअरकॅप लंडनच्या न्यायालयात गेली. हे नुकसान ऑल रिस्कमध्ये धरायचं की वॉर रिस्कमध्ये, हा वादाचा मुद्दा होता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने वॉर रिस्कच्या बाजूने निकाल दिला. एअरकॅपला सुमारे १०० कोटी डॉलर मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पण वॉर रिस्कच्या रकमेला मर्यादा होती, त्यामुळे ऑल रिस्कखाली मागितलेल्या रकमेपेक्षा ही रक्कम बरीच कमी होती. नुकसान तेच, विमानं तीच, पण भरपाईचा आकडा कोणत्या पानावर दावा बसतो त्यावर ठरला.

बारीक अक्षरांपुढे न्यायालय काय म्हणतं?

पॉलिसी हा करार आहे आणि न्यायालय तो नव्याने लिहून देत नाही, हे आपल्याकडे जुनं तत्त्व आहे. तरी प्रत्येक अपवादापुढे मान तुकवावी लागते असंही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये टेक्स्को मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी या प्रकरणात दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. दुकान तळघरात होतं. कंपनीला ते ठाऊक होतं आणि तिने हप्ता घेतला होता. आग लागल्यावर तिने पॉलिसीतला तळघर वगळणारा अपवाद पुढे केला. ज्या गोष्टीसाठी विमा विकला, तीच बाहेर काढणारं कलम कंपनीला वापरता येणार नाही आणि अपवाद ग्राहकाच्या नजरेस आणून देणं हे कंपनीचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने म्हटलं. त्याआधी १९९६ मध्ये बी. व्ही. नागराजू प्रकरणात मालवाहू गाडीत परवानगीपेक्षा जास्त माणसं होती, पण अपघात त्यामुळे झालेला नव्हता म्हणून विमा कंपनीला भरपाई द्यावी लागली.

यातून आधार मिळतो, हमी मिळत नाही. हे निकाल दुकान आणि मोटारीचे आहेत. विमानाच्या पॉलिसीत उड्डाणयोग्यतेसारखी अट पूर्वअट म्हणून लिहिलेली असते, आणि तिथे 'अपघात त्यामुळे झाला नाही' हा युक्तिवाद चालेलच असं नाही. न्यायालयात जिंकण्यापेक्षा नूतनीकरणाच्या वेळी एक ओळ बदलून घेणं केव्हाही स्वस्त पडतं. विद्यार्थ्याच्या वैयक्तिक पॉलिसीचा वाद मात्र विमा लोकपालाकडे, म्हणजे इन्शुरन्स ओम्बड्समनकडे, विनाशुल्क नेता येतो. त्यांचं एक कार्यालय पुण्यात आहे.

पॉलिसी वाचण्याचा क्रम

पॉलिसी पहिल्या पानापासून वाचली, तर आधी मोठे आकडे दिसतात आणि समाधान होतं. उलट क्रमाने वाचलेली बरी.

१. आधी अपवाद वाचा. प्रत्येक अपवादापुढे 'हे आपल्याकडे घडू शकतं का?' असं विचारा. उत्तर हो असेल, तर तो अपवाद परत आत आणणारी एन्डोर्समेंट जोडली आहे का ते शोधा.

२. मग पूर्वअटी वाचा. प्रत्येक अट पाळल्याचा पुरावा कोणत्या वहीत आहे आणि ती वही कोण भरतं, हे नावानिशी ठरवा.

३. वैमानिकांचं कलम आजच्या प्रशिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या यादीशी ताडून बघा. ही यादी दर महिन्याला बदलते.

४. वापर आणि भौगोलिक हद्द बघा. संस्था विमान ज्या ज्या कामासाठी आणि जिथे जिथे नेते, ते सगळं त्यात लिहिलेलं हवं.

५. ठरलेली किंमत, डिडक्टिबल आणि तिऱ्हाइतांसाठीची मर्यादा हे तीन आकडे एका कागदावर मांडा. गेल्या वर्षीचेच आकडे पुढे चालू ठेवले असतील, तर का ते विचारा.

६. विमान कर्जावर किंवा भाड्याने घेतलेलं असेल, तर बँकेच्या किंवा मालकाच्या करारात मागितलेला विमा आणि प्रत्यक्ष घेतलेला विमा जुळतो का ते बघा.

७. शेवटी माणसं मोजा. विद्यार्थी, प्रशिक्षक, मेकॅनिक, पाहुणा, शेतकरी. प्रत्येकाच्या नावापुढे पॉलिसीतलं कलम लिहा. ज्याच्या नावापुढे काहीच लिहिता आलं नाही, तिथे फट आहे.

हे काम संस्थेचं आहे. पण विचारण्याचा हक्क विद्यार्थ्यालाही आहे आणि पालकांनाही. प्रवेशाच्या वेळी गट अपघात विम्याची प्रत, त्यातली रक्कम आणि अपवादांचं पान मागणं यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. चांगली संस्था ती देईल. 'विमा आहे, काळजी करू नका' एवढंच उत्तर मिळालं, तर सही करण्याआधी तेच लेखी मागावं.